एल्डन ब्रुबेकर हरायला शिकतो

रागीट माणसाच्या नाकावर राग असतो म्हणतात. एल्डन ब्रुबेकरच्या बाबतीत नाक ही फार लांबची जागा झाली. त्याचा राग जिभेच्या शेंड्यावरच मुक्कामाला असायचा. आमच्या वेलरटन गावात, म्हणजे इथे ओहायोत, असा एक पंच नाही ज्याला एल्डननं शाळेच्या बेसबॉल सामन्यात चष्म्याचा नंबर बदलायला सांगितलं नाही. तीस वर्षं त्यानं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. इंजिनं त्याला घाबरून सुरू होतात, अशी गावात वदंता होती.

अशा माणसाच्या डोक्यात सहासष्टाव्या वर्षी आलं की आपण कमरेला पिस्तूल लावून हिंडायचं. लपवून. का, तर शेजारच्या काउंटीत पेट्रोल पंपावर चोरी झाली होती. चोरानं नेलं काय, तर सिगारेटचं एक खोकं आणि दोन गरम पिझ्झे. पण न्हाव्याच्या दुकानात चार म्हातारे बसले की दोन पिझ्झ्यांचं आंतरराष्ट्रीय प्रकरण व्हायला कितीसा वेळ लागतो?

आमच्या राज्यानं त्यासाठी परवाना मागणं सोडून दिलंय. सरकारला लोकांच्या नवऱ्यांची माहिती नसते. ग्लेनिसला होती.

"तोंडानं सख्खा भाऊ घालवलास, एल्डन," ती बटाटे सोलता सोलता म्हणाली. "नुसत्या तोंडानं. आता कमरेला हे आलं तर काय काय घालवशील?"

त्याला गप्प करणारा तो एकच विषय होता.

रॉयस हा त्याचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी आई गेली. दफनानंतर सगळी मंडळी जेवायला एल्डनकडे आली, आणि रॉयसनं चर्चमधून खुर्च्या भरून आणलेला आपला पिकअप ट्रक सरळ एल्डनच्या लॉनवर चढवला. तीन आठवड्यांपूर्वी पेरलेलं गवत, वर रात्रीचा पाऊस. चाकांचे दोन चर पडले, वीतभर खोल. हसू नका. आमच्याकडे माणसाची अब्रू घराच्या आत नसते, घरासमोरच्या गवतावर असते. एल्डन तीस माणसांसमोर म्हणाला, "पाय कुठं ठेवावा हे तुला जन्मात कळलं नाही. आईचा जन्म तुझ्यामागून फरशी पुसण्यात गेला." रॉयसनं हातातली बशी कठड्यावर ठेवली, टोपी घातली आणि चाळीस मैलांवरच्या आपल्या घरी निघून गेला. त्यानंतर फोन नाही, पत्र नाही, नाताळचं साधं कार्ड नाही. चर एल्डननं स्वतःच्या हातानं माती घालून बुजवले, गवतही छान आलं. पण गवत कापताना त्या जागी आला की तो यंत्र थोडं हळू करायचा, आणि ग्लेनिस ते खिडकीतून नऊ वर्षं बघत होती.

"व्हर्ना स्टकीच्या शिकवणीला जा," ती म्हणाली. "तिनं पास केलं तर लाव तुझं पिस्तूल."

व्हर्ना स्टकी म्हणजे आमच्या शेरीफच्या कचेरीतून निवृत्त झालेली बाई. उंची पाच फूट, कानात यंत्र, पायात आजीबाईचे पांढरे बूट. तिची शिकवणी दर गुरुवारी अग्निशमन केंद्राच्या तळघरात भरायची. नेम कसा धरायचा ते शिकवतील म्हणून एल्डन डोळ्यांचा चष्मा पुसून गेला होता. व्हर्नानं पहिले तीन गुरुवार पिस्तुलाचं नावसुद्धा काढलं नाही.

"ज्या दिवशी हे कमरेला लावाल," ती म्हणाली, "त्या दिवसापासून जगातलं प्रत्येक भांडण तुम्ही हरलात. लिहून घ्या."

"आणि आपलं बरोबर असलं तर?" एल्डननं विचारलं.

"तर जास्तच हरलात. बरोबर असलेला माणूस हटत नाही. कुणी शिवी दिली, रांगेत घुसलं, गाडी आडवी घातली, तर म्हणायचं 'चुकलं माझं' आणि चालू पडायचं."

"चूक त्याची असली तरी?"

"तरी. त्याच्याजवळ नुसतं तोंड आहे, तुमच्याजवळ पिस्तूल आहे. भांडण कुठवर जाऊ शकतं हे त्या बिचाऱ्याला माहीत नसतं, तुम्हाला असतं. मग शहाणपण कुणी करायचं? आणि आणखी एक. लपवून बाळगायचं म्हणजे लपवून. शेजाऱ्याला नाही, न्हाव्याला नाही, पाद्र्याला नाही. गावजेवणात मिरवायला ती नवी कवळी नव्हे."

मग सराव. व्हर्ना गाडीवाला व्हायची आणि एकेकाला यथेच्छ शिव्या घालायची. त्या वयात इतक्या ताज्या शिव्या तिला कुठून सुचत असत देव जाणे. एल्डन तीनदा नापास झाला. तिसऱ्यांदा तर त्यानं असं काही उत्तर दिलं की व्हर्नानं कानातलं यंत्र नीट बसवून ते पुन्हा म्हणायला लावलं आणि वहीत टिपून घेतलं. शेवटच्या गुरुवारी ती त्याच्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "ब्रुबेकर, तुझ्या लॉनपेक्षा माझ्या पायपुसण्यावर जास्त गवत आहे."

एल्डन लाल झाला, मग जांभळा झाला, गळ्याच्या शिरा टरारल्या. आणि मग पाण्याखालून आल्यासारखा आवाज आला, "चुकलं माझं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघंजण उभे राहिले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. गोची झाली ती पिस्तूल कमरेला लागल्यावर.

पँटच्या आत पिस्तूल खोचायचं तर पँट दोन नंबर मोठी लागते. ती मागून पोत्यासारखी लोंबायला लागली. वर पोटावरून सैल शर्ट, तोही दोन नंबर मोठा, कारण पिस्तुलाचा आकार दिसता कामा नये. डाव्या बाजूला काही नाही, उजवीकडे शेर-दीड शेर लोखंड, त्यामुळे चाल तिरकी झाली. मधूनच थांबून तो कमरेशी हात नेऊन काहीतरी सावरायचा आणि तोंड वाकडं करायचा, कारण पिस्तुलाची मूठ बरगडीत रुतत असे. हौसेला मोल नसतं हे खरं, पण वळ असतात.

त्यात पोस्टाच्या कचेरीत शस्त्र न्यायला बंदी, दवाखान्यात बंदी, ग्रंथालयाच्या दारावर पाटी. दरवेळी गाडीत बसूनच पिस्तूल काढायचं आणि सीटखालच्या पोलादी पेटीत ठेवून कुलूप लावायचं. पेटीची किल्ली बोटाच्या नखाएवढी. एका तिकिटासाठी एल्डन पाच-पाच मिनिटं गाडीत मान खाली घालून, पुढे वाकून, काहीतरी पुटपुटत बसलेला दिसायचा. पुटपुटणं किल्लीला उद्देशून असे आणि ते इथे लिहिण्यासारखं नसे. पण काच बंद असायची. रस्त्यावरच्या लोकांना नुसती खाली गेलेली मान आणि हलणारे ओठ दिसायचे.

आणि तो हरत चालला होता. नांगर-फावड्यांच्या दुकानासमोर एकानं त्याची गाडी लावायची जागा हिसकावली, तर हा म्हणाला, "चुकलं माझं." वाण्याकडे एक बाई रांगेत पुढे घुसली, तिलाही तेच, वर तिची पिशवी गाडीपर्यंत नेऊन दिली. बेसबॉलच्या पंचानं धडधडीत चुकीचा निर्णय दिला. सगळं मैदान एल्डनकडे वळून बघत राहिलं. एल्डननं मूग गिळले. सामना संपल्यावर तो त्या पंचाजवळ गेला आणि म्हणाला, "इतकी वर्षं मी तुम्हाला फार बोललो." पंच घरी जाऊन बायकोला म्हणाला, "ब्रुबेकरचं काही ठीक दिसत नाही."

कडेलोट झाला तो चर्चच्या गालिच्यापायी. सभागृहातला हिरवा गालिचा बदलून मोहरीच्या रंगाचा आणावा, असा ठराव अकरा वर्षं येत होता आणि अकरा वर्षं एल्डन तो एकट्यानं पाडत होता. त्या सभेला पिस्तूल गाडीत कुलपात होतं. त्यानं मनाशी हिशेब मांडला. पिस्तूल गाडीत, गाडी दाराशी, राग आपल्यापाशी, तिघांत अंतर वीस पावलांचं. तो उठला आणि म्हणाला, "मोहरीचा रंगसुद्धा बरा दिसेल." डोरिस पँगबर्न रुमाल शोधायला लागली.

डोरिस ही ब्रुबेकरांची शेजारीण. आमच्या चर्चची प्रार्थना-साखळी तिच्या हातात आहे. म्हणजे कुणावर संकट आलं की डोरिस दोघींना फोन करते, त्या दोघी चौघींना, आणि तासाभरात सगळं गाव त्या माणसासाठी प्रार्थनेला बसतं. संकटाचं नाव सांगता येत नसेल तर नुसतं 'न सांगण्यासारखं' म्हणायचं. डोरिसनं तेच केलं. "एल्डन ब्रुबेकर. न सांगण्यासारखं. कपडे बघा अंगावर कसे लोंबतात. कमरेला कसली तरी पिशवी लावलीय डॉक्टरांनी. सगळ्यांची माफी मागत फिरतोय बिचारा, गाडीत बसून देवाला आळवतोय." आठव्या फोनला एल्डनचं आतडं काढलेलं होतं, पंधराव्याला यकृत.

दुसऱ्या दिवशी कॅसरोल यायला लागले.

कॅसरोल म्हणजे काचेच्या खोल भांड्यात नूडल्स, कोंबडी, डब्यातलं मशरूमचं सूप, वरून चीज, आणि सगळं भाजून काढलेलं. आमच्याकडे बोलण्यासारखं काही उरलं नाही की हे नेऊन देतात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं, म्हणजे भांडं परत कुणाला द्यायचं ते कळावं. आणि ते रिकामं परत करायचं नसतं. बुधवारपर्यंत ग्लेनिसच्या घरात सतरा कॅसरोल होते. फ्रीज भरला, तळघरातला फ्रीझर भरला, दोन भांडी कपडे धुण्याच्या यंत्रावर बसली.

भांड्यांबरोबर सल्ले. कुणी बिटाचा रस सांगितला, कुणी सफरचंदाचा व्हिनेगर अनशापोटी. न्हाव्यानं केस फुकट कापले आणि कापताना हुंदका आवरताना कान कापला. सुतारकाम करणारे एक गृहस्थ येऊन एल्डनची उंची न्याहाळत म्हणाले, "ओकचं लाकूड चांगलं असतं, एल्डन. टिकतं." कशासाठी, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

"डोरिस, मला काहीही झालेलं नाही!" एल्डन कुंपणावरून ओरडला आणि लगेच, "चुकलं माझं, ओरडायला नको होतं."

डोरिसच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "किती धीराचा आहेस रे. मग कमरेला ते काय आहे?"

एल्डननं तोंड उघडलं. लपवून म्हणजे लपवून. "ते... खाजगी आहे," तो म्हणाला.

डोरिसनं त्याचा हात थोपटला आणि घरात जाऊन चार फोन केले.

तो व्हर्नाकडे गेला. "सांगून टाकू का लोकांना?"

"सांगितलंस की तो बघा पिस्तूलवाला म्हणून मुलं मागं लागतील," व्हर्ना म्हणाली. "लोक विसरतात. आलाच आहेस तर हा घेऊन जा." आणि तिनं ट्यूना माशाचा कॅसरोल त्याच्या हातात ठेवला.

"तुम्हाला तर माहितीय मला काही झालं नाही ते!"

"माहितीय. पण सगळ्यांनी दिला आणि मी नाही दिला, तर बरं दिसत नाही."

ग्लेनिस मात्र यातलं काहीच निस्तरत नव्हती. ती अठरावं भांडं मोजून ठेवायची आणि गालातल्या गालात हसायची. आणि गेले तीन महिने या घरात कुणी कुणावर ओरडलेलं नाही, हे तिच्या एकटीच्याच लक्षात आलं होतं.

शनिवारी दुपारी एक जुना पिकअप ट्रक आला आणि घरापासून लांब, रस्त्याच्या कडेला थांबला. चाकं नीट डांबरावर, गवतापासून हातभर अंतर राखून. त्यातून टाय लावलेला एक म्हातारा उतरला. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं भांडं होतं. एल्डन पडवीतल्या खुर्चीत बसला होता. म्हाताऱ्याची चाल त्याच्या वडलांची होती, कानांतले केसही वडलांचे होते, आणि तो आपला धाकटा भाऊ आहे हे कळायला त्याला दोन क्षण लागले.

रॉयस पायरीशी थांबला. "किती दिवस दिलेत डॉक्टरांनी?"

"कसले दिवस?"

"माझ्यापासून तरी लपवू नकोस रे." रॉयसचा आवाज फुटला. "आमच्या चर्चपर्यंत आलं. यकृत गेलं म्हणे तुझं."

एल्डन घाईघाईनं भांडं घ्यायला उठला, हात पुढे केले, आणि सैल शर्ट वर सरकला. रॉयसनं पाहिलं.

"ते पिस्तूल आहे."

"शू! हळू बोल."

"ती पिशवी म्हणजे पिस्तूल आहे? म्हणजे तू मरत नाहीयेस?"

"नाही बुवा."

"मरत नाहीयेस!" रॉयस असा ओरडला की समोरच्या घराचं दार उघडलं. "चाळीस मैल रडत आलोय मी! दोनदा गाडी बाजूला घेतली! आणि हा इथं खुर्चीत बसून कॅसरोल खातोय! मला बोलवायला सोंग केलंस? नऊ वर्षांत एक फोन करवला नाही तुला? एवढ्याशा गवतासाठी माझी तीस माणसांत शोभा केलीस, आईच्या दफनाच्या दिवशी! खुर्च्या कुणाच्या आणत होतो मी? माझ्या होत्या का? तू तेव्हाही तसलाच होतास आणि आताही तसलाच आहेस!"

एल्डनच्या तोंडात उत्तरं गोळा झाली. नऊ वर्षं गवत कापताना घासूनपुसून ठेवलेली उत्तरं, एकाहून एक. सोंग मी केलं? फोन तुलाही करता आला असता! त्याच्या गळ्याच्या शिरा टरारल्या. रॉयस एक पायरी वर चढला. आणि एल्डनला आपल्या बरगडीत रुतणारी मूठ जाणवली. इथे, दोघांच्या मधे, हे लोखंड होतं. समोर आपला भाऊ होता.

"रॉयस, हे कमरेला असताना मला भांडता येत नाही," तो म्हणाला. "तसा नियम आहे. एक मिनिट थांब. जाऊ नकोस. तुला आईची शपथ."

तो आत गेला. पिस्तूल काढलं, गोळ्या काढल्या, दोन्ही वेगवेगळं तिजोरीत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली ग्लेनिसच्या हातात दिली. तिचा चेहरा उतरला होता.

"आता भांडणार तू त्याच्याशी?"

"आता भांडणार. इतके महिने कुणाशी भांडलो नाही. भावाशी तरी मोकळ्या कमरेनं भांडू दे."

"त्याला मीच यायला सांगितलं," ती म्हणाली. "फोन आला होता त्याचा. खरं का विचारत होता. मी खोटं नाही बोलले. ये आणि स्वतःच बघ, एवढंच म्हटलं."

एल्डननं तिच्याकडे बघितलं आणि बाहेर आला.

रॉयस गेला नव्हता. भांडं छातीशी धरून तिथेच उभा होता. एल्डन कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं.

काही येईना. नऊ वर्षांची उत्तरं, एकसुद्धा सापडेना. त्याला रॉयसच्या टायची वेडीवाकडी गाठ दिसत होती. लहानपणी ती गाठ तोच बांधून द्यायचा. आणि मागे, रस्त्यावर, गवतापासून हातभर लांब उभा असलेला ट्रक दिसत होता.

"गाडी तिकडं कशाला लावलीस?" त्यानं विचारलं.

"तुझी लॉन आहे ना," रॉयस म्हणाला.

एल्डन मटकन पायरीवर बसला. "चुकलं माझं," तो म्हणाला. या तीन महिन्यांत त्यानं हे शब्द निम्म्या गावाला ऐकवले होते आणि एकदाही मनापासून म्हटले नव्हते. आता म्हटले आणि त्याला रडूच फुटलं. "आईला कधीच तुझा त्रास नव्हता. तुझ्यामागून ती हसत फरशी पुसायची. माझ्याशी कधी तशी हसली नाही."

रॉयसनं भांडं पायरीवर ठेवलं. मग शेजारी बसला.

"पिस्तूल कुठाय?"

"आत. कुलपात."

"मग आता तर भांडायला मोकळा आहेस."

"आहे ना. पण काही आठवेना."

"मलापण," रॉयस म्हणाला आणि नाक पुसलं. "येताना रस्ताभर तोंडपाठ केलं होतं."

थोड्या वेळानं एल्डन उठला. "तो ट्रक आण इकडं. इथं लाव, दारासमोर. गवतावर."

"काल पाऊस झालाय रे. चर पडतील."

"पडू देत."

आणि अख्ख्या आळीनं पाहिलं की एल्डन ब्रुबेकर आपल्या लॉनवर उलट पावली चालतोय, दोन्ही हातांनी खुणा करतोय, "आण, आण, अजून आण," आणि पिकअप ट्रकची चाकं त्या गवतात वीतभर रुतताहेत. कुंपणापलीकडे डोरिस पँगबर्ननं तोंडावर हात ठेवला. "आता काही खरं नाही," ती म्हणाली, आत गेली आणि ओव्हन लावला.

संध्याकाळी रॉयस गेल्यावर ग्लेनिसनं त्याचं भांडं धुवून पालथं घातलं. बुडाला दोन चिकटपट्ट्या होत्या. एक जुनी, पिवळी पडलेली, तिच्यावर आईच्या अक्षरात 'ब्रुबेकर'. तिच्याखाली एक नवी कोरी: 'रॉयस. परत पाहिजे.' एल्डननं ती दोनदा वाचली.

भांडं रिकामं परत करायचं नसतं. पुढच्या शनिवारी एल्डननं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः कॅसरोल केला. वरचं चीज करपलं, पण ग्लेनिस म्हणाली की चालेल. पिस्तूल तिजोरीतच होतं, किल्ली ग्लेनिसकडे. भांडं त्यानं शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला आणि चाळीस मैल सावकाश गाडी हाकत गेला. रॉयस दारातच उभा होता. एल्डननं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, तसा तो दोन्ही हात हलवत पायऱ्या उतरून आला.

"तिकडं कुठं?" तो ओरडला. "गवतावर लाव!"